खिडकीचा दात

खिडकीचे बाबा कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर वेगळे, ते लोकांच्या तोंडात हात घालून नाव कमावतात. बाबांचं काम मागच्या खोलीतलं. डॉक्टरांकडून कुणाच्या तरी जबड्याचा ठसा यायचा, बाबा त्यात प्लास्टर ओतायचे, मेणावर दात रचायचे, घासायचे, चमकवायचे, आणि कुणाचं तरी हसू कागदी पिशवीत घालून परत पाठवायचे. “अर्ध्या गावाच्या तोंडात माझा हात आहे,” ते म्हणायचे, “आणि अजून कुणी चावलेलं नाही.” एका पैलवानाची कवळी म्हणे त्यांनी इतकी मनापासून केली होती, की पैलवान झोपला तरी कवळी जागी असायची. वाटीतून उडी मारायची, स्वयंपाकघरात जायची, उरलंसुरलं संपवायची आणि तोंड पुसून परत वाटीत येऊन बसायची. पैलवानाची बायको मांजरावर आळ घ्यायची. “पुरे करा,” आई म्हणायची, “पोरगी खरं समजेल.” पोरगी खरंच समजायची.

ही पोरगी नववीत असताना शाळेच्या जिन्यावर तोंडघशी पडली आणि पुढचा वरचा दात गमावून बसली. वर्गानं दुसऱ्याच दिवशी बारसं केलं: खिडकी. रडत घरी आली तर बाबा म्हणाले, “खिडकी म्हणतात ना? मग काच बसवू.”

त्यांनी तो एक दात करायला जितके दिवस घेतले, तितक्यात त्यांच्या चार कवळ्या झाल्या असत्या. टाळूला चिकटणारी गुलाबी प्लेट, आणि तिला पुढे तो एकुलता एक दात. दात पांढराशुभ्र नव्हता. शेजारच्या खऱ्या दातावर कडेला एक पांढुरका ठिपका होता, ढगाच्या तुकड्यासारखा. बाबांनी तसाच ढग नव्या दातावर उतरवला. एक कोपरा किंचित घासला. “बिनडागाचा दात दिसला की लोक लगेच ओळखतात,” ते म्हणाले. “देवाचा हात जरासा हलतो, बाळ. आपणही हलवायचा.” पुढे पोरगी वाढली, जबडा वाढला, प्लेटा बदलल्या. दात मात्र तोच.

मग तिनं पुरातत्त्व शिकायला घेतलं. काकांनी कपाळाला हात लावला. बाबांना मात्र हसू आवरेना. “मी जित्यांचे दात बनवतो, ही मेलेल्यांचे शोधणार. धंदा घरातच राहिला!” परदेशातल्या उत्खननावर तिची निवड झाली तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दात हलतोय असं लक्षात आलं. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं. “आत्ता तात्पुरता चिकटवून देतो. कडक काही तोडू नकोस. आलीस की पक्का करू.”

हे झालं घरचं. आता तिकडचं.

तिकडे सुट्टीमुळे बंद असलेल्या एका शाळेत सगळ्यांचा मुक्काम होता. वर्गांत खाटा, फळ्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि हातपाय धुवायच्या नळाची उंची अशी की मोठ्या माणसाला गुडघे टेकल्याशिवाय तोंड धुता येऊ नये. शाळेमागच्या टेकाडावर खणायचं. ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत फिरायची. निरनिराळ्या देशांतली पोरं मोडक्यातोडक्या एकाच भाषेत बोलायची. ती मोडतोड इथं आणून कशाला टाका, सरळ आपल्या भाषेतच ऐकू.

सगळ्यांत वर बाई. उत्खनन त्यांचं. हात मडक्यांवर बसलेला. बोटाएवढा तुकडा पाहून आख्ख्या घड्याचं पोट सांगायच्या. दातांबद्दल त्यांना तुमच्याआमच्याइतकंच ठाऊक: दुखतात. मग खिडकीच्या खोलीतली एक मुलगी, जी झोपेतही बातम्या द्यायची, म्हणून रेडिओ. आणि चाळणीवर उभा असणारा एक उंच मुलगा, तो जिराफ. खिडकीला तिकडे खिडकी म्हणत नसत, कारण काच बसलेली होती. पहिले काही दिवस ती भरपूर हसली, जिराफाच्या टोपीवर, रेडिओच्या घोरण्यावर, स्वतःच्या सोललेल्या नाकावर.

खणायचं म्हणजे कुदळ मारायची असं लोकांना वाटतं. कसलं आलंय! दोरी ताणून चौकोन आखायचा, गुडघ्यांवर बसायचं, आणि थापीनं जमिनीची साल काढायची, बटाट्याची काढावी तशी. माती घमेल्यात. घमेलं चाळणीवर. चाळणीत खडा राहिला तर तो दगड की हाड हे कळायला जिराफाकडे एक यंत्र होतं: जीभ. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. ही थट्टा नव्हे, धंद्यातली रीतच आहे. दिवसभर जिराफ चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं जेवण चाटत उभा असायचा. “आज बकरी लागली,” संध्याकाळी तो सांगायचा. “खारट होती.”

खिडकीच्या चौकोनात चोपून बसवलेली एक जुनी जमीन लागली होती. सबंध, कुठे भोक नाही, उंदराचं बीळ नाही. बाई तिच्यावर जीव टाकत होत्या. जमीन अखंड म्हणजे तिच्याखाली जे निघेल ते नक्की तिच्याहून जुनं. वरचं काही खाली घसरलेलं नाही. म्हणजे झाकण लावलेला डबाच.

त्या जमिनीच्या कडेनं भिंतीचा कोपरा दिसू लागला त्या सकाळी खिडकीच्या खिशात फोन थरथरला. काका होते.

“बाळ, बसलीयेस का कुठं?”

ती गुडघ्यांवर होती. “हो काका.”

“बाबा गेले गं. काल. झोपेतच. सगळं उरकलं आम्ही. तू इतक्या लांबून येणार कधी नि करणार काय? तुझं काम पुरं कर. त्यांनाही तेच आवडलं असतं.”

“हो काका.”

“आईला देतो.”

आईचा श्वास आला. मग आई म्हणाली, “जेवलीस का?”

“हो.”

“बरं.”

फोन खिशात गेला. खिडकीनं ब्रश उचलला आणि कोपऱ्यावरची माती झाडू लागली. कोपरा काटकोनात निघाला, गुण्यात बसवल्यासारखा. बाई धावत आल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी तरी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिनं त्या दिवशी रेडिओच्या वाटणीची घमेलीसुद्धा उचलली.

कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगायला आत काही तरी हलावं लागतं, ते हललं नाही. उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी दार नुसतं लोटून ठेवावं, तसं तिनं दार लोटून ठेवलं. पाहुणा काही आला नाही. भूक लागायची, ती जेवायची. झोप यायची, ती झोपायची. दुपारी सगळे नळापाशी बसून मडक्यांचे तुकडे जुन्या टूथब्रशनं घासायचे. ती घासत राहायची, स्वच्छ झालेला तुकडाही पुन्हा घासायची. आई फोनवर रोज विचारायची, “जेवलीस का?” आणि ती रोज म्हणायची, “हो.” दोघी इतकंच बोलायच्या. एवढ्यानं काम भागत होतं.

एका सकाळी पाव चावताना दात निघून हातात आला. कडक कवच होतं. तात्पुरतं चिकटवलेलं किती टिकणार? तिनं प्लेट काढली, धुतली, साबणाच्या डबीत ठेवली. दात शर्टाच्या खिशात टाकला आणि कामाला गेली. पुढच्या दातांत एवढी मोठी खिडकी उघडली, पण कुणाला पत्ता नाही. पत्ता लागायला तोंड उघडावं लागतं, आणि ते तर काकांच्या फोनपासून बंदच होतं. बोललीच तर दोन शब्द, तेही ओठांच्या फटीतून.

“तू बोलतेस कशी गं अशी?” रेडिओ एकदा म्हणाली. “ओठ हलत नाहीत. बोलक्या बाहुलीचा खेळ करतेस की काय?”

“हं,” खिडकी म्हणाली.

जमिनीचा नकाशा काढून झाला, फोटो झाले, आणि बाईंनी खिडकीच्या चौकोनात जमीन अर्धी कापायला सांगितली, खाली काय आहे ते बघायला. ती वाकून थापी चालवत राहिली. घमेलं भरलं, चाळणीवर गेलं. आणि जिराफानं अशी आरोळी ठोकली, की टेकाडावरचे पक्षी उठले ते, म्हणतात, अजून बसलेले नाहीत.

“दात! माणसाचा!” आणि लगेच, जीभ बाहेर काढूनच, “बाई, चिकटत नाही! हाड नाही हे! कुणी तरी बनवलाय!”

खिडकीनं शर्टाच्या खिशाला हात लावला. खिशाची शिवण तळाशी उसवलेली होती. बोट आरपार गेलं.

बाईंनी दात तळहातावर घेतला. घेतला आणि खाली बसल्या, मातीतच. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “हे घमेलं तुझं. खरं सांग, जमिनीत कुठे बीळ होतं? भेग? मऊ माती?”

“नाही,” खिडकी म्हणाली. आणि ते खरंच होतं.

“म्हणजे जमिनीच्या खालचा,” बाई पुटपुटल्या. “झाकणाच्या आतला.”

या ठिकाणी कुणी म्हणेल, अरे, तिनं तेव्हाच का सांगितलं नाही? सांगायला तोंड उघडणार होतीच ती. पण ओठ जागचे हलले नाहीत, आणि तेवढ्यात सगळे दात घेऊन शाळेकडे पळालेही.

संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत सगळे जमले. टेबलावर गॅसच्या तोट्या, भिंतीवर बेडकाच्या पोटाचं चित्र, आणि मधोमध दिव्याखाली कापसावर दात. बाईंनी भिंग लावलं. त्यांचा आवाज हळू झाला होता, मडक्यांबद्दल बोलतानाही इतका हळू होत नसे.

“पांढऱ्या दगडाचा आहे की भाजलेल्या मातीचा, सांगता येत नाही. पण हे बघा. इथं कडेला ढगासारखा डाग आहे. हा चुकून पडलेला नाही, आतून घातलाय. शेजारच्या दातावर असणार असा. हा कोपरा घासलाय, तोही तसाच. नुसता दात करायचा असता तर गुळगुळीत करून मोकळा झाला असता. याला दात करायचा नव्हता, त्या एका माणसाचा दात करायचा होता.”

जिराफानं टोपी काढून हातात घेतली.

“किती वेळ बसला असेल यावर,” बाई म्हणाल्या. “आणि कुणाला कळू नये म्हणून! कळलं नाही तरच काम नीट झालं, असं काम. राजाबिजासाठी नव्हे हं हे. राजाला चमक हवी असते. हे घरातल्या माणसासाठी केलेलं. ज्याच्यासाठी केलं तो याचा फार लाडका असणार.”

खिडकी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. बाबा गेल्यावर त्यांच्याबद्दल कुणी बोललेलं तिनं अजून ऐकलं नव्हतं. काका म्हणाले होते सगळं उरकलं. आई म्हणाली होती जेवलीस का. आणि इथं, बेडकाच्या पोटाखाली, एक परकी बाई त्यांच्या हाताबद्दल बोलत होती, खोलीभर माणसं टोप्या काढून ऐकत होती. तिला वाटलं, हे थांबू नये. तिच्या छातीत काही झालं नाही. फक्त कान गरम झाले.

“उद्या सकाळी गाडी शहरात जाईल,” बाई म्हणाल्या. “मी फोन करून ठेवलाय, ते लोक वेडे व्हायचे बाकी आहेत. प्रयोगशाळेत याचा काप काढतील.”

“काप म्हणजे?” रेडिओनं विचारलं.

“मधोमध करवतीनं. त्याशिवाय आतलं कळत नाही. अर्धा उरतो.”

खिडकी अंथरुणावर पडली तेव्हा दोन्ही गोष्टी तिच्यासमोर सरळ मांडलेल्या होत्या. गप्प राहिली तर तपासणीत आज ना उद्या बिंग फुटेल, पण तोवर करवत फिरलेली असेल. बाबांनी तिच्यासाठी केलेल्या वस्तूंत पहिल्यापासून टिकलेली तेवढी एकच होती. आणि बोलली, तर पहिला प्रश्न ठरलेला: कुणी केला? मग त्याचं उत्तर. मग त्याच्यापुढचं. ते पुढचं तिनं अजून कुठल्याच भाषेत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सकाळी गाडी शाळेच्या दारात उभी. बाई कापसाची डबी रबरानं बांधत होत्या, जिराफ खोकी चढवत होता, रेडिओ ड्रायव्हरला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होती. खिडकी पायऱ्या उतरून आली. तोंडावर हात होता.

“बाई, तो माझा आहे.”

जिराफ खोकं ठेवून हसायला लागला. “बघा! इतके दिवस मुकी होती, आता वाटा मागायला तोंड फुटलं!”

“हो गं,” बाई हसून म्हणाल्या. “तुझ्याच घमेल्यातला. तुझं नाव पहिलं घालणार आहे मी, काळजी करू नकोस.”

“नाही बाई. माझा.”

तिनं हात काढला आणि तोंड उघडलं.

“अगं बाई गं!” रेडिओ म्हणाली, आणि मग, कधी नव्हे ते, तिची बॅटरी संपली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून खिडकी पाहिली.

बाईंनी डबीचं रबर काढलं, खिशातून चिमटा काढला, आणि म्हणाल्या, “आ कर.” दात त्या फटीपाशी धरला. ढगाशेजारी ढग आला. घासलेला कोपरा जागच्या जागी बसला.

बाई मग शाळेच्या बाकावर बसल्या. बाक पहिलीच्या पोरांचा. गुडघे हनुवटीला आले.

“काल का नाही बोललीस?”

“तुम्ही छान बोलत होतात.”

“मी? कुणाबद्दल?”

“बाबांबद्दल.”

बाईंनी दाताकडे पाहिलं. “त्यांनी केलाय हा?”

“हो. ते कवळ्या करतात.”

“मग फोन लाव त्यांना,” बाई म्हणाल्या. चेहरा पडलेला होता, तरी हसल्या. “लाव, लाव. मला सांगू दे, तुमच्यासारखा माणूस मी एका दिवसासाठी चार हजार वर्षं मागे नेऊन बसवला होता, आणि तो तिथं शोभत होता.”

“ते गेले.”

वाक्य झालं. कुठे काही कोसळलं नाही. गाडीचं इंजिन चालू होतं ते चालूच राहिलं.

“कधी?” जिराफानं विचारलं.

“कोपरा निघाला त्याच्या आदल्या दिवशी. मला कळलं त्या दिवशी.”

“त्या दिवशी तर,” रेडिओ म्हणाली, “तू माझी घमेली—” आणि पुन्हा गप्प झाली. एका सकाळी दोनदा.

बाई उठल्या आणि सगळ्यांदेखत शहरात फोन लावला. “दात आपला नाही,” त्या म्हणाल्या. “हो, आजच्या काळातलाच... नाही, नाही, जमीन पक्की आहे, भोकबिक काही नाही. खिसा फाटका होता.” पलीकडचा माणूस बराच वेळ हसत असावा. बाईंनी फोन कानापासून लांब धरला, तो हसून संपेपर्यंत वाट पाहिली, आणि ठेवून दिला. मग डबी खिडकीच्या हातात दिली. “सुईदोरा आहे माझ्याकडे,” म्हणाल्या. “आधी खिसा शिव.”

इथं ती ढसाढसा रडली असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण नाही रडली. खिसा शिवला. पाव दुधात बुडवून खाल्ला. रात्रीच्या जेवणाला जिराफानं आपल्या ताटातला मऊ भाग मुकाट्यानं तिच्या ताटात सरकवला, आणि रेडिओ त्या दिवशी इतकी कमी बोलली, की लोकांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. आईचा फोन आला.

“जेवलीस का?”

“हो. आई, दात निघाला.”

मग आई म्हणाली, “त्यांनी सांगितलं होतं ना, कडक तोडू नकोस म्हणून.”

“हो.”

“कधी ऐकलंस?” आईचा आवाज थोडा वाकडा झाला. दोघी बराच वेळ फोन धरून बसल्या.

हंगाम संपला की खणलेलं पुन्हा बुजवतात. उघडं ठेवलं तर पाऊस, वारा, गुरं त्याची वाट लावतात. बुजवण्याआधी एक रीत आहे. चौकोनाच्या तळाशी आजचं काही तरी ठेवायचं, बहुधा त्या वर्षाचं नाणं, म्हणजे पुढे कधी कुणी तिथं खणलं तर त्याला कळावं: इथवर आधी कुणी तरी येऊन गेलं आहे, याच्या खाली अजून हात लागलेला नाही. बाई नाणं घेऊन खिडकीच्या चौकोनापाशी आल्या. तिच्या मुठीकडे पाहिलं आणि नाणं परत खिशात टाकलं.

“ठेव,” म्हणाल्या. “काय ठेवायचं ते.”

खिडकी शिडीवरून खाली उतरली. भिंतीच्या कोपऱ्याशी, जिथं फोन आला होता तिथं, गुडघ्यांवर बसली. मूठ उघडली. त्यात गुलाबी प्लेट होती, तिच्या टाळूचा ठसा असलेली, पुढे रिकामी जागा. ती तिनं मातीवर पालथी ठेवली आणि बोटानं जरा दाबली, हलू नये म्हणून.

“आणि दात?” वरून जिराफ ओरडला. “दाताचं काय?”

“तो माझा आहे,” खिडकी म्हणाली.

पहिलं घमेलं तिनंच ओतलं. आणखी चार हजार वर्षांनी कुणी तरी भिंगवाली बाई तिथं बसेल, गुलाबी टाळू तळहातावर घेईल आणि खोलीभर माणसांना विचारेल, सगळं इतकं नीट केलंय, मग दात कुठे गेला? शोधू देत बिचाऱ्यांना. चाळण्या लावू देत, जिभा झिजवू देत.

खिडकी घमेली भरत राहिली. शिवलेल्या खिशात दात होता, आणि तोंडात, कुणाला दिसणार नाही अशी, जीभ जाऊन त्या उघड्या जागेत बसली होती. वारा आत येत होता. जरा झोंबत होता.